बाहेरच्या डिस्कवर अख्खा लॅपटॉप? तुम्ही विचारलंत म्हणून

स्टाफरूममध्ये असो की लग्नकार्यात, मी सांख्यिकी शिकवते याच्याशी कुणाला काही देणंघेणं नसतं. विचारतात ते हेच: ‘मॅडम, ती तुमच्या पर्समधली डिस्क लावली की लॅपटॉप वेगळाच होतो म्हणे. बाहेरच्या डिस्कवरून खरंच चालतं का हो सगळं? आणि आतल्या विंडोजचं काय होतं?’ १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला तेव्हापासून विचारणारे वाढलेत. विंडोज ११ला टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय लागते, प्रोसेसरही मायक्रोसॉफ्टच्या यादीतला लागतो. घरातला धडधाकट लॅपटॉप तेवढ्यासाठी भंगारात घालवत नाही. आतलं काही न पुसता दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम वापरून बघावी, असं मग वाटतंच.

तर, चालतं. लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम असेल तर उत्तम चालतं. विंडोजचा मात्र नाद सोडा.

विंडोजचा इन्स्टॉलर यूएसबीची डिस्क दिसली की सरळ नकार देतो, इथे बसणार नाही म्हणतो. मायक्रोसॉफ्टने स्वतः २०१२मध्ये विंडोज ८च्या एंटरप्राइझ आवृत्तीत ‘विंडोज टू गो’ नावाची सोय दिली होती. कंपनीतल्या माणसाने पेन ड्राइव्ह खिशात घालायचा आणि घरच्या मशीनवर ऑफिसचं विंडोज उघडायचं. चालू असताना ड्राइव्ह निघाला तर सिस्टीम जागच्या जागी थिजायची. ६० सेकंदांत परत लावला तर काम पुढे सुरू, नाहीतर मशीन बंद. मला ही कल्पना फार आवडली होती. पण २०२०च्या विंडोज १०च्या २००४ या आवृत्तीत त्यांनी ती काढूनच टाकली. रूफस नावाच्या फुकट प्रोग्रॅमने आजही तसं विंडोज बनवता येतं, पण मोठ्या अपडेटला ते कसं वागेल याचा भरवसा मी देणार नाही.

लिनक्सला आपण कुठल्या मशीनवर आहोत याचं फारसं सोयरसुतक नसतं. हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, बहुतेक कर्नलबरोबरच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबरोबरच येतात. दर वेळी चालू होताना ते समोरचं हार्डवेअर बघतं आणि लागतील ते ड्रायव्हर उचलतं. घरचा डेस्कटॉप आणि सांगलीला माहेरी पडून असलेला जुना लॅपटॉप यांच्यात साम्य म्हणाल तर शून्य, पण दोन्हीकडे माझं तेच डेस्कटॉप, त्याच फायली, तोच मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आणि काही वाय-फाय चिपा तेवढ्या कुरकुरतात.

एक घोळ इथेच मिटवते. पेन ड्राइव्हवरचं ‘लाइव्ह’ लिनक्स वेगळं आणि बाहेरच्या डिस्कवर इन्स्टॉल केलेलं लिनक्स वेगळं. लाइव्ह म्हणजे दाबून भरलेली, फक्त वाचता येणारी प्रत. मशीन बंद केलं की तुम्ही केलेले बदल गेले. क्लाउस क्नोपर या जर्मन माणसाने २०००मध्ये क्नॉपिक्सची सीडी काढली, तिच्यामुळे हा प्रकार घरोघरी पोचला. चाखून बघायला तो छान. रोजच्या कामाला मात्र आतल्या डिस्कवर करतो तसं रीतसर इन्स्टॉलेशनच हवं, फक्त ते बाहेरच्या डिस्कवर. म्हणजे दोन वस्तू लागतात: इन्स्टॉलरचा पेन ड्राइव्ह आणि सिस्टीम जिच्यावर बसणार ती डिस्क.

खरी ग्यानबाची मेख इथून पुढे आहे. ही सिस्टीम दुसऱ्याच्या मशीनवर पाहुणी म्हणून जाते, आणि पाहुण्याने यजमानाच्या घरातलं काही इकडचं तिकडे करायचं नसतं. इन्स्टॉलर नेमकं तेच करतो. आजकालच्या मशीनमध्ये (त्यांच्या चालू होण्याच्या पद्धतीला यूईएफआय म्हणतात) प्रत्येक सिस्टीमचा बूटलोडर, म्हणजे तिला चालू करणारा प्रोग्रॅम, डिस्कवरच्या ईएफआय पार्टिशन नावाच्या छोट्या कप्प्यात असतो. लिनक्स मिंट आणि जुनं उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांच्या इन्स्टॉलरला खोड अशी, की तुम्ही बूटलोडरसाठी बाहेरची डिस्क निवडलीत तरी तो आपला पहिल्या सापडलेल्या, म्हणजे आतल्या डिस्कवरच्या ईएफआय पार्टिशनमध्ये ग्रब, म्हणजे लिनक्सचा बूटलोडर, टाकून मोकळा होतो. तुम्हाला पत्ता लागत नाही, कारण त्या मशीनवर सगळं मजेत चालतं. डिस्क काढून लॅपटॉप चालू करता तेव्हा विंडोजच्या जागी काळा पडदा आणि ग्रबची लुकलुकणारी ओळ. आणि डिस्क दुसऱ्या मशीनला लावावी, तर तिथे ती बूटच होत नाही, कारण तिच्यावर बूटलोडर नाहीच.

यावर सगळ्यात खात्रीचा उपाय साधा आहे: इन्स्टॉल करताना आतली डिस्क मशीनला दिसूच द्यायची नाही. डेस्कटॉप असेल तर तिची केबल काढा. लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, ती बंद करायची सोय असेल तर बंद करा. दोन्ही जमत नसेल तर लाइव्ह सिस्टीममधल्या जीपार्टेड या पार्टिशनच्या प्रोग्रॅमने आतल्या ईएफआय पार्टिशनच्या ‘बूट’ आणि ‘ईएसपी’ या खुणा तात्पुरत्या काढा आणि काम झालं की आठवणीने परत लावा. बाहेरच्या डिस्कवर मात्र स्वतंत्र ईएफआय पार्टिशन पाडा, फॅट३२चं, ५१२ एमबीचं पुरतं. अनोळखी मशीन यूएसबीच्या डिस्कवर ‘ईएफआय’ फोल्डरातल्या ‘बूट’ फोल्डरात ‘बूटएक्स६४’ नावाची फाईल शोधतं. ती तिथे असली की पुरे. मग परीक्षा घ्या: डिस्क काढून मशीन चालू करा. विंडोज मुकाट उघडलं तर जमलं.

बिटलॉकरचंही, म्हणजे डिस्कला विंडोज जे कुलूप लावतं त्याचंही, बघून ठेवा. नव्या लॅपटॉपवर बऱ्याचदा डिस्क त्याने एन्क्रिप्ट केलेली असते आणि मालकाला त्याची गंधवार्ताही नसते. बायोसमध्ये बूटची किंवा सिक्युअर बूटची (सही असलेलीच सिस्टीम उघडू देणाऱ्या सोयीची) काही उलथापालथ केलीत, की पुढच्या वेळी विंडोज ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागू शकतं. ती आधी काढून कागदावर लिहून ठेवा. उबुंटू, फेडोरा ही लिनक्स सिक्युअर बूट चालू असतानाही उघडतात, त्यामुळे ते बंद करायच्या फंदात पडूच नका. बूटचा क्रमही बदलू नका. कुठल्या डिस्कवरून उघडायचं ते विचारणारा मेन्यू चालू करताना तेवढ्यापुरता घ्या. डेल, लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९.

आणखी एक गंमत. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच वेळ स्थानिक समजून वाचतं. म्हणून डिस्क काढून विंडोज उघडलं की घड्याळ साडेपाच तास मागे. हिवाळ्यात लंडनला बसलेल्या माणसाला हे कळणारही नाही. आपल्याकडे सकाळी नऊला पहाटेचे साडेतीन दिसतात आणि घरचे म्हणतात, तुझ्या डिस्कने व्हायरस आणला. घड्याळात स्थानिक वेळच ठेव, असं लिनक्सला एका कमांडने सांगता येतं. दुसऱ्याचं मशीन वापरणार असाल तर सांगाच.

‘घरात जुनी एक टीबीची हार्ड डिस्क पडली आहे, ती चालेल?’ चालेल, पण तुम्हाला चालणार नाही. मिनिटाला ५४०० फेरे मारणाऱ्या तबकडीला एक फेरा पुरा करायला ११ मिलिसेकंद लागतात, वर सुई हलवायचा वेळ वेगळा. सिनेमा साठवायला ठीक, तिथे सलग वाचायचं असतं. सिस्टीम हजार ठिकाणच्या हजार छोट्या फायली मागते आणि अशी डिस्क सेकंदाला शंभर ठिकाणीसुद्धा पोचत नाही. ब्राउझर उघडायला टाकून चहा टाकावा, परत यावं, तरी तो उघडतच असतो. एसएसडीच, म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपांची डिस्क घ्या; २५६ जीबी भरपूर होते. जुन्या लॅपटॉपमधली अडीच इंची साटा एसएसडी असेल तर केसिंगमध्ये घालून तीही छान चालते. आणि ती निळ्या जिभेच्या यूएसबी ३च्या पोर्टात लावा. यूएसबी २चा वेग कागदावर ४८० मेगाबिट, हातात येतात सेकंदाला ३५-४० मेगाबाइट.

साडेतीन इंची, स्वतंत्र अॅडॉप्टरवर चालणारी मोठी डिस्क तर या कामाला नकोच. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि डिस्क बंद पडते. मग दिसतं ते विचित्र असतं: माउस हलतो, उघडलेलं पान दिसतं, कारण तेवढं रॅममध्ये आहे, नवीन काही उघडायला गेलात की एरर. केबल सैल असली तरी हेच. परत चालू केल्यावर फाईल सिस्टीम बहुधा स्वतःला सावरते, न साठवलेलं काम मात्र गेलं.

मॅकवाल्यांना थोडक्यात: जुन्या इंटेल मॅकवर चालू करताना ऑप्शनचं बटण दाबून धरा आणि डिस्क निवडा. २०१७च्या अखेरीपासून आलेल्या टी२ चिपच्या मॅकवर आधी रिकव्हरीत जाऊन परवानगी द्यावी लागते. एम१ आणि पुढच्या मॅकवर बाहेरून मॅकओएस चालतं, पण सुरुवात आतल्या एसएसडीवरूनच होते. ती मेली तर बाहेरची डिस्क काही कामाची नाही.

ऑफिसच्या लॅपटॉपला लावू का, असं विचाराल तर नाही. तुमच्या आयटीवाल्याने परवानगी दिली तरच. बऱ्याच ठिकाणी यूएसबीवरून बूट बंदच केलेलं असतं, आणि ते उघडायला बायोसचा पासवर्ड शोधत बसणं नोकरीच्या दृष्टीने बरं नव्हे.

आणि ही डिस्क हरवते. एसटीत, रिक्षात, कुणाच्या मशीनला तशीच लागून राहते. इन्स्टॉल करताना एन्क्रिप्शनचा पर्याय येतो, तो तेव्हाच निवडा, कारण नंतर लावायचं म्हणजे बहुतेक वेळा सगळं पुसून पुन्हा टाकणं. पासफ्रेज विसरलात तर डेटा परत मिळत नाही, मी आले तरी नाही, म्हणून फायलींची एक प्रत घरी दुसऱ्या डिस्कवर असू द्या. त्या प्रतीसाठी मात्र ती पडून असलेली एक टीबीची डिस्क झकास.