पॉइंट अठरा

ऑक्टोबरचा मध्य हा आमच्या गावाचा सगळ्यांत अडलेला काळ. कॅनडाच्या उत्तरेला, मॅकेन्झी नदीच्या काठावर नॉर्मन वेल्स आहे. इथे बारमाही रस्ता नाही. उन्हाळ्यात नदीतून बार्ज, म्हणजे सामानाच्या सपाट बोटी, येतात. जानेवारीच्या सुमारास नदीनाले आणि दलदल घट्ट गोठली की रिग्ली गावाकडून बर्फावरचा हिवाळी रस्ता सुरू होतो, आणि वसंत लागला की तोही जातो. नदी धड वाहत नाही आणि धड गोठतही नाही, अशा मधल्या दिवसांत जेमतेम सातशे माणसांच्या या वस्तीला बाहेर पडायला एकच रस्ता उरतो. त्याची लांबी सुमारे १८०० मीटर. ती धावपट्टी वापरण्याजोगी ठेवणं हे माझं काम.

त्यात ते २०२४ साल होतं. नदीला इतकं कमी पाणी होतं की त्या उन्हाळ्यात बार्ज आलेच नाहीत. किराण्यापासून इंधनापर्यंत सगळं विमानानं यायचं. १९२०मध्ये इथे तेल लागलं, देने या इथल्या मूळनिवासी लोकांच्या भाषेत या जागेचं नावच ‘तेल आहे ती जागा’ असं आहे, नदीत कृत्रिम बेटं बांधून त्यांवरून तेल काढत. अशा गावात इंधन आकाशातून उतरताना बघून मला दर वेळी पोटात कालवल्यासारखं व्हायचं.

त्या दिवशी पहाटे साडेपाचला दार उघडलं. पायरीवर पाय ठेवताच घसरला. कठडा धरला तर तोही काचेसारखा गुळगुळीत. झिमझिम चालू होती आणि प्रत्येक थेंब पडल्या जागी गोठत होता. बर्फ नांगरानं ढकलता येतो, हे ढकलता येत नाही. उत्तरेत येऊन सहा वर्षं झाली, उणे चाळीसची मला भीती वाटत नाही. उणे दोनची वाटते.

शेडमध्ये माझा वरिष्ठ सहकारी आधीच येऊन वाळूचा ट्रक सुरू करत होता. तो साहतू देने, इथेच जन्मलेला. माझ्याकडे न बघताच म्हणाला, “मेडिव्हॅक आहे. माझी भाची.”

मेडिव्हॅक म्हणजे रुग्णाला न्यायला येणारं विमान. भाचीचा सातवा महिना सरत आलेला आणि कळा सुरू झालेल्या. आमच्या आरोग्य केंद्रात बाळंतपणं होत नाहीत. दिवस भरण्याच्या काही आठवडे आधीच बायकांना विमानानं मोठ्या गावी, बहुतेक वेळा यलोनाइफला, नेऊन ठेवतात. मी मूळचा गडचिरोलीचा. आमच्याकडेही पावसाळ्यात वाट तुटणाऱ्या गावांतल्या गरोदर बायका आधीच दवाखान्याजवळच्या माहेरघरात येऊन राहतात. व्यवस्था म्हणून दोन्ही बरोबर आहेत. पण आपल्या माणसांपासून लांब, परक्या खोलीत दिवस मोजत बसणाऱ्या बाईचा विचार आला की मला ते बरोबर असणं पुरेसं वाटत नाही. आणि हिचे तर ते आठवडेही अजून सुरू झाले नव्हते.

मी घर्षण मोजायला निघालो. ट्रकमध्ये त्यासाठी यंत्र बसवलेलं असतं. गाडी ५० किमी वेगावर न्यायची, ब्रेक करकचून दाबायचा आणि ठरावीक अंतरावर हेच करत धावपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन यायचं. ट्रक किती जोरात मंदावला, ते यंत्र नोंदवतं. कोरड्या डांबरावर पॉइंट आठच्या, म्हणजे ०.८च्या, आसपास आकडा मिळतो. माझी सरासरी आली पॉइंट अठरा, म्हणजे ०.१८.

रेडिओवरून निरोप आला. यलोनाइफला वैमानिक तयार बसले होते. वारा आडवा होता. पॉइंट तीनच्या, म्हणजे ०.३०च्या, खाली असेल तर ते निघणार नव्हते.

मधल्या सरळ पट्ट्यावर पकड जरा बरी होती. तिथे चार ब्रेक जास्त मारले असते तर सरासरी वर सरकली असती. कुणाला कळलंही नसतं. हा विचार माझ्या मनात आला आणि बराच वेळ टिकला, हे मी लपवत नाही. डोळ्यांसमोर ती मुलगी होती.

माझे बाबा एसटीत चालक होते. आलापल्लीहून भामरागडला गाडी न्यायचे. पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की ते गाडी थांबवून खाली उतरायचे, एकटेच पाण्याच्या कडेला उभे राहायचे. मागून प्रवासी ओरडायचे, “गुडघाभरच आहे, काढा ना गाडी!” बाबा परत येऊन इंजिन बंद करायचे. कुणाशी वाद घालायचे नाहीत.

मी सहकाऱ्याला म्हणालो, “पॉइंट अठरा आलाय.”

त्यानं मान हलवली. “मग अठराच सांग.”

मी रेडिओवर अठरा सांगितलं.

त्यानंतरचे साडेतीन तास वाळूचे. आम्ही तापवलेली वाळू टाकतो, म्हणजे ती बर्फात किंचित रुतते आणि तिथेच गोठते. पण वरून थेंब पडतच होते, आणि टाकलेल्या वाळूवर नवा थर चढत होता. तो वाळू टाकत पुढे, मी मोजत मागे. पॉइंट एकवीस. पॉइंट बावीस. पुन्हा एकवीस. इथे त्या दिवसांत नऊनंतर उजाडतं, तोपर्यंत आम्ही दिव्यांच्या उजेडात नुसते येरझारा घालत होतो. एकदा त्याचा फोन वाजला. त्यानं ऐकलं, ठेवला आणि पुढचा वाळूचा फेरा सुरू केला. मी विचारलं नाही.

साडेनऊच्या सुमारास झिमझिम थांबली. वारा उत्तरेला वळला आणि पारा झरझर उतरला. थंडी वाढल्याचा एवढा आनंद मला आधी कधी झाला नव्हता! आता वाळू धरून राहिली. पॉइंट सत्तावीस. आणखी एक फेरा. पॉइंट चौतीस. खात्रीसाठी पुन्हा गेलो. चौतीसच.

विमानाला इथे पोचायला दीड तास लागला. त्या दीड तासात मी दर दहा मिनिटांनी बाहेर जाऊन हात पसरून उभा राहत होतो, तळव्यावर थेंब पडतो का बघायला. पडला नाही. विमान ढगातून खाली आलं, चाकं टेकली, वाळूचा करकर आवाज आला, आणि ते धावपट्टी बरीच शिल्लक असताना थांबलं.

रुग्णवाहिकेसाठी कुंपणाचं फाटक सहकाऱ्यानंच उघडलं. स्ट्रेचर त्याच्यासमोरून गेलं तेव्हा त्यानं हातमोजा काढून तिच्या कपाळावर हात ठेवला. ती त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि तो हसला. सकाळपासून पहिल्यांदाच. यलोनाइफला कळा थांबवता आल्या. मुलगी झाली ती तीन आठवड्यांनी.

विमान दिसेनासं होईपर्यंत आम्ही उभे होतो. मग शेडमध्ये येऊन त्यानं वाळूचा साठा बघितला, मी चहा ठेवला. दोनला नियमित विमान होतं. दीडला पुन्हा झिमझिम लागली. चहा तसाच ठेवून मी ट्रक बाहेर काढला.