टिकाव घालण्याआधी जमिनीखाली काय आहे ते बघा

थंडी सरली की इथं अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात घरोघरी बागेची कामं निघतात. कुणी कुंपण घालतं, कुणी झाडं लावतं, कुणी टपालपेटीचा खांब बदलतं. आम्हाला यंदा घरामागे अंजिराची दोन झाडं लावायची होती. पण इथं टिकाव हातात घेण्याआधी एक फोन करायचा असतो, ८११ या नंबरवर. पत्ता सांगायचा, खड्डा घराच्या कुठल्या बाजूला, किती मोठा, कशासाठी ते सांगायचं. पैसे पडत नाहीत. आमच्या राज्यात कामाचे तीन पूर्ण दिवस थांबावं लागतं. तेवढ्यात ज्यांच्या लाइनी तिथून जातात त्या कंपन्या माणूस पाठवून जमिनीवर खुणा करून जातात. पूर्वी प्रत्येक राज्याचा नंबर वेगळा होता, २००७ पासून देशभर हा एकच आहे.

फोनवर दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, आपल्याच जागेत खड्डा काढायला पण इचारायचं व्हय?"

दादाचा प्रश्न रास्त आहे. कोल्हापुरात आपण असं कुणाला विचारत नाही. साने गुरुजी वसाहतीतल्या आमच्या घरी त्याच आठवड्यात फाटकाचा नवा खांब उभा करायचा होता आणि कंपाउंडलगत जांभूळ लावायचं होतं. गवंडी ठरला होता, खड्ड्याची जागा चुन्यानं आखूनही झाली होती. खाली काय आहे ते कुणीच बघितलं नव्हतं. म्हणून हे लिहितेय, दादासाठी आणि तिकडं पावसाच्या तोंडावर ज्यांनी अशी कामं काढलीत त्या सगळ्यांसाठी.

खुणा करायला आलेल्या माणसाचं काम मी शेजारी उभी राहून बघितलं. त्यानं घराच्या भिंतीवरच्या मीटरपाशी लाइनीला एक चिमटा लावला, तो एका पेटीला जोडला. ती पेटी लाइनीत बारीक सिग्नल सोडते. मग हातातली लांब दांडी जमिनीच्या अगदी जवळ धरून तो डावी-उजवीकडे फिरवत चालला. दांडी नेमकी लाइनीवर आली की आवाज चढतो, बाजूला सरली की उतरतो. जिथं चढला तिथं रंगाचा फवारा, आणि थोड्या थोड्या अंतरावर तारेच्या काडीवरची छोटी झेंडी. विजेला लाल, गॅसला पिवळा, टेलिफोन-इंटरनेटला नारिंगी, पिण्याच्या पाण्याला निळा, सांडपाण्याला हिरवा.

मी विचारलं, गॅसची पाइप तर प्लास्टिकची, मग सिग्नल जातो कसा? तर अशा पाइपेबरोबर मुद्दाम एक तांब्याची तार पुरलेली असते. सिग्नल त्या तारेतून जातो. ती तार नसेल किंवा मध्येच तुटली असेल, तर या यंत्राला प्लास्टिकची पाइप दिसत नाही. आपल्याकडं नळाच्या पाइपा आता बहुतेक प्लास्टिकच्याच असतात आणि त्यांच्याबरोबर अशी तार कुणी टाकत नाही. म्हणजे एकदा बुजवली की ती पाइप फक्त ज्यानं टाकली त्या प्लंबरच्या डोक्यात राहते.

या खुणा लाइन कुठून जाते तेवढंच सांगतात, किती खोल आहे ते सांगत नाहीत. टाकताना तीन फूट खाली असलेली लाइन पुढं कुणी माती उचलली, उतार काढला की फुटभरावर येते. म्हणून इथं खुणेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटांत यंत्र लावत नाहीत, हातानंच आणि जपून खणतात. आपल्याकडं मुरमात पहार सरळ खाली मारायची सवय आहे. लाइनीजवळ पहार मारूच नये. बाजूनं खणत, खोऱ्यानं माती ओढत यावं आणि पाइप डोळ्यांनी दिसल्यावरच पुढं जावं.

आणखी एक गोष्ट मला इथंच कळली. कंपनी फक्त तिची लाइन दाखवते, साधारण मीटरपर्यंतची. मीटरच्या पुढं घरमालकानं स्वतः टाकलेलं काही ती शोधत नाही. कोल्हापूरच्या घरांत हेच जास्त असतं: बोअरच्या मोटरची केबल, गच्चीवरच्या टाकीला जाणारी पाइप, फाटकावरच्या दिव्याची वायर, कॅमेऱ्याची वायर, आणि अर्थिंग.

अर्थिंगबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. दिव्याची वायर तुटली तर दिवा जातो, लगेच कळतं. अर्थिंगची तार टिकावानं तुटली तर घरात काहीही बिघडत नाही. फ्रिज चालतो, गिझर चालतो, पंखे फिरतात. पुढं कधीतरी गिझरच्या पत्र्यात करंट उतरतो, त्याला जमिनीत जायची वाट उरलेली नसते, आणि तेव्हा तिथं ओल्या अंगानं आपलंच माणूस उभं असतं. अर्थिंगचा खड्डा कुठाय आणि तिथून विजेच्या मीटरपेटीपर्यंत तार कशी गेलीय, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असलं पाहिजे. आसपास खणकाम झालं असेल तर वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

केबलचंही तसंच. नुसता ओरखडा पडला तर त्या दिवशी काही होत नाही. आषाढात पाणी मुरलं की तिथूनच शॉर्ट होतं, आणि तोवर खड्डा काढल्याची आठवणही राहिलेली नसते.

पाण्याच्या पाइपेचा धोका तर आपल्याकडं इथल्यापेक्षा मोठा. इथं नळाला चोवीस तास दाब असतो, पाइप फुटली की पाणी बाहेर उसळतं. आपल्याकडं पाणी ठरावीक वेळेला येतं. काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइननं शहरात आलं तरी घराघरांतली वेळ काही सुटलेली नाही. पाणी बंद असतं तेव्हा पाइपेतला दाब जातो, आणि चीर पडलेली असेल तर आजूबाजूची घाण आत ओढली जाते. शेजारून गटार किंवा शौचालयाची लाइन जात असेल तर तेच पाणी दुसऱ्या दिवशी पिंपात. त्यातून गॅस्ट्रो होतो, कावीळ होते. जुन्या पेठांत बोळ एवढे अरुंद की नळ आणि गटार हातभर अंतरावरनंच जातात. तिथं पाइपेला नुसता धक्का लागला तरी प्लंबरला बोलवा, सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून माती लोटू नका.

आपल्याकडं या बाबतीत काहीच नाही असं नाही. केंद्र सरकारनं मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप सुरू केलं. खणणाऱ्यानं त्यावर कळवायचं आणि त्या जागेखाली ज्यांच्या लाइनी आहेत त्यांना निरोप जातो. त्याचा रोख मुख्यतः रस्ते खोदणाऱ्या यंत्रणा आणि ठेकेदारांवर आहे. घराच्या अंगणापुरतं आपलं आपणच बघावं लागतं, आणि ते अवघड नाही. मीटर कुठं, पाण्याची चावी कुठं, चेंबरची झाकणं कुठं, ते बघायचं. घर बांधलं तेव्हाचा प्लंबर आणि वायरमन अजून गावात असतील तर चहाला बोलवायचं. शेजारच्या काकांना विचारायचं, कारण नळाचं कनेक्शन घेताना बहुतेक तेच समोर उभे होते.

दादानं तेच केलं. जुना वायरमन आला आणि चुन्याची आखणी बघूनच म्हणाला, "हितनंच बोअरची केबल गेल्या की!" बाजूनं हळूहळू उकरलं, तर दीड फुटावर विटांची ओळ लागली आणि तिच्याखाली केबल. खणताना असं विटा, फरशी, वाळू किंवा रंगीत पट्टी लागली तर थांबा. मूळ जमिनीत या गोष्टी नसतात, खाली काहीतरी आहे म्हणूनच कुणीतरी त्या घातलेल्या असतात. खांब तीन फूट सरकवला, जांभूळही घराच्या दुसऱ्या अंगाला लावलं. बुजवण्याआधी दादानं टेप लावून फोटो काढले, भिंतीच्या कोपऱ्यापासून अंतर लिहिलं आणि घरच्या ग्रुपवर टाकलं. तुमचं घर आत्ता बांधून होत असेल तर हे फोटो आजच काढा, पाइपा उघड्या आहेत तोवर.

राहिला गॅस. कोल्हापुरात आता काही भागांत पाइपचा गॅस आलाय, तो पुढं वाढणारच. खणताना पिवळी पाइप दिसली तर हात थांबवा आणि गॅस कंपनीला कळवा. पाइप फुटलीच तर ती दाबून धरायची नाही, वर माती टाकायची नाही, दिव्याचं बटण लावायचं नाही, बंदही करायचं नाही, गाडी चालू करायची नाही. सगळ्यांना घेऊन लांब जायचं आणि तिथनं फोन करायचा. गॅस कंपनीचा तातडीचा नंबर बिलावर असतो, महावितरणचा १९१२, आणि काहीच सुचलं नाही तर ११२. हे नंबर कामावर येणाऱ्या गवंड्याकडं आणि जेसीबीवाल्याकडंही द्या, कारण खड्ड्यात उतरणारे तेच असतात.