दोन शिक्षक, चार इयत्ता आणि पायलीभर भात

"एवढ्याशा शाळेत अभ्यासक्रम पूर्ण होतो का हो, बाई?"

लग्नाच्या पंगतीत विचारतात, एसटीत शेजारी बसलेल्या काकू विचारतात. नव्याने रुजू झालेले शिक्षक तर केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी हळूच विचारतात. दर वेळी उत्तर अर्धवट राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर सांगते.

माझी शाळा जिल्हा परिषदेची, घाटमाथ्यावरच्या एका वाडीतली. पहिली ते चौथी, पट २३. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणून सर आणि मी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. याच कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलं आहे. दोन इयत्ता एकाच माणसाकडे असल्या की प्रत्येकीच्या वाट्याला ४०० तास उरतात, आणि तेही आम्ही दोघं शाळेत असलो तर. सर प्रशिक्षणाला गेले की चारही इयत्ता माझ्या.

सुरुवातीची दोन वर्षं मी फळ्याच्या मधोमध रेघ मारून शिकवत होते. एकीकडे पहिलीला अक्षरं, दुसरीकडे दुसरीला "बघून लिहा". वह्या सुंदर भरल्या. दिवाळीची सुट्टी संपवून मुलं परत आली तेव्हा त्या वहीतलंच त्यांना वाचता येईना. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं होतं.

आता आम्ही उलट बाजूने जातो. चारही इयत्तांच्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलाला वर्षअखेर काय यायला हवं त्याची यादी, शेजारी शेजारी ठेवतो आणि कुठली गोष्ट सगळ्यांना एकत्र बसवून करता येईल ते शोधतो. शोधलं की बरंच सापडतं.

कार्तिकात भाताची झोडणी होते. तेव्हा आम्ही पायलीभर भात, म्हणजे तुसासकटचे दाणे, शाळेत आणतो आणि घराघरांतली जुनी मापं मागवतो. कोळवं, चिपटं, मापटं, शेर. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पहिलीची मुलं चिपट्याने भात ओततात आणि मोजतात. दुसरीची मुलं दोन-दोनने पुढे जातात. तिसरीला मापटं म्हणजे अर्धा शेर, चिपटं म्हणजे पाव, आणि मापट्यात चिपटं मिळवलं की पाऊण. चौथीची मुलं हेच अंश आणि छेद मांडून लिहितात. छेद मोठा झाला की वाटा लहान होतो, हे मी फळ्यावर कितीदा सांगितलं असेल. इथे ते हातात धरून बघता येतं.

मग पोषण आहाराचा वजनकाटा. पायलीभर भात आणि पायलीभर तांदूळ, वजन सारखं भरेल का? सगळे म्हणाले, भरेल. काट्यावर तांदूळ जड निघाला. का, यावर पुढचा अर्धा तास नुसती भांडणं झाली, आणि तुसाचं वजन किती, जागा किती, हे मुलांनीच काढलं. रोजच्या जेवणाचा तांदूळही आता चौथीची मुलं स्वयंपाकाच्या ताईंसोबत मोजतात. माणशी १०० ग्रॅम, २३ मुलांना २ किलो ३०० ग्रॅम. गैरहजर किती ते वजा करायचं.

पण सगळं असं एकत्र होत नाही, आणि हे मी नव्या शिक्षकांना आवर्जून सांगते. वाचन असं शिकवता येत नाही. भाताची रास कितीही मोठी असली तरी पहिलीच्या मुलाला अक्षर आणि त्याचा आवाज जोडायला रोज कुणीतरी शेजारी बसावं लागतं. म्हणून सकाळचा पहिला तास आम्ही कशालाही देत नाही. इंग्रजीतही आम्ही मागे आहोत; वाडीत ती भाषा कानावर पडतच नाही. आणि मोठ्या मुलाला लहानग्याच्या शेजारी बसवणं चांगलं असलं, तरी वीस मिनिटांच्या वर नाही. चौथीतलं मूल शाळेत शिकायला येतं, आमची उणीव भरून काढायला नाही.

ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करणं हे कायद्याने शिक्षकाचं कर्तव्य आहे. त्याच कलमात लगेच पुढे आहे की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून त्याला लागेल ती जादा शिकवणी द्यावी. लोक मला पहिल्या वाक्याबद्दल विचारतात. माझं वर्ष दुसऱ्यात जातं. मार्चमध्ये पुस्तकातले दोन-तीन पाठ घाईत होतात, ते मी लपवत नाही. कोणाला काय येत नाही, हे मात्र मला २३ जणांचं नावानिशी सांगता येतं.

गेल्या वर्षी मापांच्या आठवड्यात दुसरीतल्या एकीने विचारलं, "बाई, कोळव्याच्या खाली काय?" मला माहीत नव्हतं, सरांनाही नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती आजीलाच हाताला धरून घेऊन आली. आजी दारातूनच म्हणाली, "निळवं. दोन निळव्यांचं कोळवं." चौथीने लगेच पाट्या काढल्या. शेराचा सोळावा भाग. आजी पायरीवर बसून राहिली, आणि उत्तर बरोबर आलं का ते मला दोनदा विचारलं.