सिद्धार्थ उद्यानातला पिवळा वाघ

छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळचे सिद्धार्थ उद्यान आणि त्यातील महापालिकेचे प्राणिसंग्रहालय ठाऊक नसलेला माणूस मराठवाड्यात क्वचितच भेटेल. वेरूळ-अजिंठ्याच्या सहलीला निघालेल्या शाळांच्या गाड्या इथे थांबतात, आणि दवाखान्याच्या किंवा खंडपीठातील तारखेच्या निमित्ताने शहरात आलेली माणसेही हाताशी वेळ उरला तर लेकरांना वाघ दाखवूनच गावाकडे परततात. माझ्यासारख्या अनेकांनी आयुष्यातला पहिला वाघ इथेच पाहिला आहे.

गेल्या हिवाळ्यात बहिणीच्या दोन्ही मुलांना घेऊन गेलो, तेव्हा दारातून आत शिरताच धाकट्याने विचारले, “मामा, पांढरा वाघ कुठंय?” हा प्रश्न त्याचा एकट्याचा नव्हता. सर्वांत दाट गर्दी पांढऱ्या वाघाच्या पिंजऱ्यापुढेच होती, आणि हा वाघ बर्फाळ मुलखातून आणलेला असावा, असे आजूबाजूचे पालक मुलांना मोठ्या विश्वासाने सांगत होते. वस्तुस्थिती वेगळी आहे. पांढरा वाघ ही स्वतंत्र जात नसून तो आपला नेहमीचा भारतीय वाघच आहे. एका जनुकातील बदलामुळे त्याच्या कातडीतला पिवळा रंग नाहीसा होतो, आणि असे पिल्लू जन्मण्यासाठी आई आणि बाप या दोघांकडूनही ते बदललेले जनुक यावे लागते. १९५१ मध्ये रीवा संस्थानचे महाराज मार्तंडसिंह यांनी जंगलातून पकडलेल्या ‘मोहन’ नावाच्या पांढऱ्या वाघापासून पिंजऱ्यातील पांढऱ्या वाघांची ही परंपरा सुरू झाली. रंग टिकवण्यासाठी जवळच्या नात्यातच जोड्या लावल्या गेल्या आणि त्यातून तिरळेपणासारखे दोष वंशात उतरले. त्याच्या देखणेपणाविषयी माझे दुमत नाही. मात्र त्याच्यापुढे उभे राहताना हा इतिहास मुलांना सांगितला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

म्हणून मी भाच्यांना पिवळ्या वाघासमोर अधिक वेळ थांबवले. या प्राणिसंग्रहालयाची खरी कमाई तीच आहे. समृद्धी या वाघिणीने २५ डिसेंबर २०२० रोजी एकाच वेळी पाच बछड्यांना जन्म दिला. वाघिणीला सहसा दोन ते चार पिल्ले होतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या बातमीने शहर का हरखून गेले होते ते कळते. मुंबईच्या राणीच्या बागेत ज्यांना पाहायला झुंबड उडाली, ते शक्ती आणि करिश्मा हे वाघही २०२० मध्ये इथूनच तिकडे गेले होते. मराठवाड्याने मुंबईला वाघ दिले, हे ऐकून थोरल्या भाच्याची मान ताठ झाली. वाघ आपल्याकडे पाहत नाही, अशी धाकट्याची तक्रार मात्र कायम होती. काही वेळाने वाघ उठला, कुंपणाच्या कडेने एक फेरी मारली आणि आमच्या समोरून जाताना त्याच्या खांद्यांची हालचाल इतक्या जवळून दिसली, की दोघेही बोलायचे थांबले.

हरणे, सांबर, नीलगाय हे सगळे ओघाने पाहून झाले. नीलगायीपाशी गावाकडची माणसे फारशी रेंगाळत नाहीत; शेतात तिचा उपद्रव सोसणाऱ्याला तिचे कौतुक कसे वाटावे? उलट, सापांच्या काचेपुढे हीच माणसे बारकाईने पाहत उभी राहतात, आणि ते योग्यही आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालणारी एकच लस आपल्याकडे दिली जाते. तरीही घोणस आणि अजगराचे पिल्लू यांत गल्लत करून माणसे जीव गमावतात. घोणशीच्या पाठीवरच्या साखळीसारख्या तीन रांगा काचेआडून शांतपणे पाहता येणे, ही सोयाबीन-कापसात वावरणाऱ्या कुटुंबासाठी मोलाची गोष्ट आहे.

जागेचा प्रश्न जुना आहे. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या निकषांप्रमाणे वाघांच्या एका जोडीला किमान १००० चौरस मीटर मोकळे आवार हवे, आणि चारी बाजूंनी शहराने वेढलेल्या बागेत ते वाढवायचे कुठे? शहराजवळच मिटमिटा येथे शंभर एकरांहून अधिक जागेवर सफारी पार्कचा प्रकल्प हाती घेतला गेला तो यासाठीच. बसस्थानकावरून चालत जाऊन वाघ पाहण्याची सोय त्यामुळे संपेल, याचे मला वाईट वाटते. तरीही वाघांच्या दृष्टीने हे स्थलांतर आवश्यकच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

त्या नव्या जागेकडून माझी एक अपेक्षा आहे. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ हिंगोली जिल्ह्यातून, शेतांच्या बांधांवरून आणि ओढ्यांच्या काठाने चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या गळ्यातील, ठावठिकाणा कळवणाऱ्या रेडिओ पट्ट्यामुळे आपल्याला कळले, की जोडीदाराच्या आणि हक्काच्या जागेच्या शोधात त्याने १३०० किलोमीटरहून अधिक वाट तुडवली होती. पुढे २०२१ मध्ये टिपेश्वरचाच आणखी एक वाघ कन्नडजवळच्या गौताळा अभयारण्यात कॅमेऱ्यात दिसला. मराठवाड्यातला वाघ पिंजऱ्यातच असतो, अशी आपली समजूत या वाघांनी खोटी ठरवली आहे. मिटमिट्याला वाघाच्या आवाराशेजारी या प्रवासाचा मोठा नकाशा लावावा. त्यावर सेनगाव, कळमनुरीसारखी आपल्या ओळखीची गावे ठळक दाखवावीत, म्हणजे सहलीला आलेल्या मुलाला आपले शिवार त्या वाटेपासून किती दूर आहे, ते स्वतः बोट ठेवून मोजता येईल.