खुटखुट

पियानोचं पेडल सोडलं की नमद्याचे, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचे, तुकडे तारांवर येऊन बसतात. त्याचा ‘फस्स’ असा अगदी बारीक आवाज होतो. संगणकातल्या पियानोत या आवाजाला वेगळं बटण असतं. दाबलेली पट्टी वर येताना आत ‘खुट्ट’ होतं, त्याला दुसरं. काही लायब्रऱ्यांत, म्हणजे वाद्याचे आवाज मुद्रित करून भरलेल्या या संगणकी संचांत, तर वाजवणारा बाकावर सरकल्याचाही आवाज घालता येतो, हवा तेवढा, कमी-जास्त.

मी राहतो ठाण्यात, घोडबंदर रोडवर, आणि आवाज काढून टाकणं हेच माझं निम्मं काम. एकांकिकांचं पार्श्वसंगीत, एखादी जिंगल, कुणाच्या लग्नाच्या व्हिडिओमागचं गाणं असली कामं मी आठ बाय दहाच्या खोलीत करतो. गायिका कपाटाच्या उघड्या दारांमध्ये उभी राहते, मागे दोन गोधड्या टांगलेल्या. तरी रेकॉर्डिंग ऐकलं की तळाशी गुरगुर असतेच. ते रात्रीचे कंटेनर. दिवसा मेट्रोचं काम आणि एसीच्या डब्यावरचे पारवे. खालच्या काकूंचा कुकर बरोब्बर समेवर शिट्टी देतो, हा चमत्कार मी तीनदा अनुभवलाय. हे सगळं मी रात्र जागून पुसतो, आणि तोच मी परदेशातल्या कुणाच्या तरी बाकाची कुरकुर विकत घ्यायला निघालो होतो. बायको म्हणाली, “मग आपल्या पंख्याचा आवाज वीक की तिकडे.”

निमित्त झालं एका मुलाचं. एकांकिका बसवतो, वय बावीस, बोलतो नेहमी अदबीने. माझ्या जुन्या कीबोर्डातला पियानोचा टोन ऐकून म्हणाला, “दादा, छान आहे, पण जरा ऑर्केस्ट्रातला वाटतो.” ऑर्केस्ट्रा म्हणजे बर्लिनचा नव्हे, गणपतीतला. वीस वर्षं पोटाला घालणाऱ्या त्या टोनचं एका वाक्यात श्राद्ध झालं.

मग संगणकातल्या नव्या पियानोचा शोध सुरू. सगळे जिचं नाव घेतात ती कीस्केप नावाची लायब्ररी, २०१६ सालची. तिच्यात छत्तीस वाद्यं, मोठ्या ग्रँड पियानोपासून खेळण्यातल्या पियानोपर्यंत, आणि आकार ७७ जीबी. माझ्या लॅपटॉपचं सगळं पोट २५६चं, त्यातलं निम्मं मुलीच्या फोटोंनी भरलेलं. एका वाद्याला एवढी जागा लागते कशाला, म्हणून मी वाण्याच्या बिलामागे हिशेब मांडला. पियानोच्या पट्ट्या ८८. प्रत्येक पट्टी अगदी हळू ते अगदी जोरात अशी सोळा वेळा वाजवून घेतली, तर झाल्या १४०८ ध्वनिमुद्रा. पेडल दाबून पुन्हा तेवढ्याच, २८१६. तीन ठिकाणी माइक ठेवले की ८४४८. खर्जातली तार वीस सेकंद सहज घुमते, आणि चांगल्या दर्जाच्या स्टीरिओ मुद्रणाची वीस सेकंदं म्हणजे पाच एमबी. हे झालं एकाच पियानोचं. बिलावर त्या आधी फक्त तूरडाळ आणि साबुदाणा होता.

फुकटात मिळणारा सॅलामँडर नावाचा एक गुणी पियानो आहे. मूळ यामाहाचा सी-फाइव्ह. त्यांनी काटकसर केली आहे. ताकदी सोळाच, पण मुद्रित केली दर तिसरी पट्टी; मधल्या दोन शेजारणीचा सूर थोडा ओढून-ताणून चालवतात. ऐकून कळतही नाही. निदान मला कळलं नाही, आणि हे कळलं नाही याचंच मला जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या टोकाला फ्रान्समधला पियानोटेक. त्याच्यात ध्वनिमुद्रण नाहीच. हातोडी, तार, लाकडी फळा हे सगळं गणितात मांडलेलं. आपण पट्टी दाबली की संगणक त्याच क्षणी हिशेब करून आवाज काढतो. आकार पन्नास एमबीच्या आसपास. आमचा मामा सकाळी सुप्रभातचे व्हिडिओ याहून जास्त वजनाचे पाठवतो. फुकट चाखायला दिलेल्या आवृत्तीत काही पट्ट्या मुक्या असतात आणि वीस मिनिटांनी दुकान बंद. नेमक्या मुक्या पट्टीवर बोट पडलं की पुढचा दात पडलेल्या माणसाने ‘स’ म्हणावा तसं होतं.

आणि डेमो! डेमोत प्रत्येक पियानो देखणा. आमची आई गोखले रोडवर साडी घ्यायला गेली की पसंत पडलेली साडी हातात घेऊन सरळ दाराबाहेर येते, उन्हात. दुकानातल्या दिव्यांवर तिचा विश्वास नाही. मीही तेच करायला हवं होतं. एकटा वाजताना जो पियानो राजासारखा वाटतो, तो ढोलकी, तानपुरा आणि गळा यांच्यात आणून ठेवला की सगळ्यांच्या मांडीवर बसतो. आमच्या भाषेत, मिक्समध्ये बसत नाही. मग त्याचा खर्ज कापा, रुंदी कमी करा, घुमारा काढा. हजारो ध्वनिमुद्रांतून उरतो तो माझ्या जुन्या कीबोर्डाचा सख्खा भाऊ. माझं स्पष्ट मत आहे की गाण्याखाली वाजवायला महाकाय ग्रँड घेणं म्हणजे रिक्षाने जायच्या गल्लीत बस घालणं. पण हे मत मला चार लायब्रऱ्या उतरवून झाल्यावर सुचलं. त्यातली एक ९३ टक्क्यांवर असताना वीज गेली.

विजेवर चालणाऱ्या पियानोंनी मात्र मला जिंकलं. त्यातल्या रोड्स नावाच्या पियानोत हातोडी पोलादाच्या बारीक काडीवर पडते आणि तिची थरथर गिटारसारख्या पिकअपने टिपली जाते. वुर्लिट्झरमध्ये हातोडी पडते ती धातूच्या जिभेवर, म्हणजे रीडवर. पेटीतही रीडच असते. म्हणजे ही पेटीची चुलत बहीण, फक्त वाऱ्याऐवजी मार खाऊन बोलणारी. तिचा तो किंचित चिरका सूर ऐकताना मला भजनी मंडळ आठवतं, यात माझा दोष नाही.

भजनी मंडळावरून आठवलं. मावशी पेटी वाजवते, चाळीस वर्षं, काळी चारमध्ये. ती आली तेव्हा मी हौसेने पेटीची लायब्ररी उघडून तिला कीबोर्डपुढे बसवलं. तिने उजव्या हाताने सूर धरला आणि डावा हात आपोआप मागे गेला, भाता शोधत. हात हवेत पुढे-मागे होत राहिला. “ह्याचा भाता कुठाय रे?” म्हटलं, नसतो. “मग फुगवायचं कशाने?” मी एक चक्र दाखवलं, ते फिरवलं की आवाज मोठा होतो. तिने ते रेडिओच्या बटणासारखं चिमटीत धरलं आणि सोडून दिलं. पेटीत बोट किती जोरात पडलं याला महत्त्व नाही, दम भात्याचा असतो. संगणकाला बोटाचा जोर कळतो, १ ते १२७ अशा आकड्यांत, आणि दम कळत नाही. मावशीचं बोट वयाने हलकं झालंय, त्यामुळे सूर सारखे विझत होते.

याच पेटीवर आकाशवाणीने १९४० साली बंदी घातली, ती उठायला १९७१ उजाडलं. मुख्य तक्रार ही की तिला मींड येत नाही, दोन सुरांमधून घसरता येत नाही. आता माझ्या कीबोर्डवरचं दुसरं चक्र फिरवलं की पेटी गुळगुळीत मींड घेते. मावशीला घेऊन दाखवली. ती म्हणाली, “शी! बेसूर झाल्यासारखी वाटते.”

शेवटी घेतला एक मध्यम आकाराचा उभा पियानो, अर्थात संगणकातलाच, हातोड्या आणि तारा यांच्यामध्ये नमद्याची पट्टी सोडलेला. मऊ, जवळचा, कुणीतरी शेजारच्या खोलीत दार लोटून वाजवावा तसा. नाव सांगत नाही, कारण पुढे झालं त्यात त्याचा काही अपराध नाही. मी त्याच्या खुट्टचं बटण मुद्दाम वर ठेवलं. त्या मुलाच्या एकांकिकेच्या पहिल्या प्रवेशात फक्त चार सूर होते, आणि दोन सुरांमधल्या शांततेत पट्ट्या परत वर येताना ऐकू येत होत्या. हेडफोनवर ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

तालीम नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये. स्पीकर एकच, तोही खुर्चीवर ठेवलेला, वायरला चिकटपट्टी. मी चार सूर लावले. मुलं गप्प झाली. मला वाटलं, जमलं.

“दादा, पियानो एक नंबर,” तो मुलगा म्हणाला, “फक्त मागे ती खुटखुट येतेय ना, स्पीकरमध्ये काहीतरी लूज आहे बहुतेक.” आणि मी काही बोलायच्या आत तो गुडघ्यांवर बसला. जॅक काढला, शर्टाला पुसला, फुंकर मारली, पुन्हा लावला. वायर हलवून बघितली. मी तेवढ्यात लॅपटॉपवर ते बटण शून्यावर नेलं.

“आता लावा.”

लावलं.

“गेली!” तो म्हणाला, आणि जॅक नेहमी शर्टाला पुसूनच का लावावा, हे पुढची पाच मिनिटं मला समजावत राहिला. मी म्हटलं, हो रे, लक्षात ठेवतो.