पदवी नेमकी कशातली?

हा प्रश्न मला कोल्हापुरात लग्नकार्यातही विचारला जातो आणि बँकेतही. ‘महापुरातली’ असे उत्तर दिले, की समोरच्याला ती थट्टा वाटते. तुम्हीही विचारलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

मी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील हॅम्पशायर कॉलेजात शिकले. 1970 साली पहिले विद्यार्थी घेतलेल्या या कॉलेजात ठरावीक मुख्य विषय नव्हते आणि गुणांऐवजी प्राध्यापकांचे लेखी अभिप्राय मिळत. तीन टप्प्यांपैकी मधल्या टप्प्यात विद्यार्थ्याने आपला प्रश्न मांडायचा, प्राध्यापकांची समिती जमवायची आणि काय शिकणार याचा त्यांच्याशी लेखी करार करायचा. शेवटचा टप्पा एका मोठ्या प्रकल्पाचा.

ऐकायला हा मनमानी कारभार वाटतो. प्रत्यक्षात ‘हे कशाला?’ या प्रश्नाला मी आयुष्यात इतकी उत्तरे कधी दिली नव्हती. माझा प्रश्न होता कोल्हापूरचा महापूर. इथल्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदीची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. त्या आकड्यांमागची गोष्ट मात्र कोणत्याही एका विभागात पुरती शिकवली जात नाही. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्यावर पाणी शहरापर्यंत कधी पोहोचेल, याला जलविज्ञान लागते. पूररेषेत घरे कशी उभी राहिली, याला नगररचना आणि जमिनीचे कायदे लागतात. आणि गोठ्यातली जनावरे सोडून लोक वेळेत बाहेर का पडत नाहीत, हे प्रयाग चिखलीसारख्या पूरग्रस्त गावात कुणाच्या तरी सोप्यात बसून ऐकावे लागते. नाट्यशास्त्राचा एक अभ्यासक्रम मला फार हवा होता. पुराशी त्याचा संबंध समितीला पटवता आला नाही, म्हणून तो राहिला (त्याची हळहळ अजून आहे).

इथे राहून असे शिकता येईल का, हे पालक विचारतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नंतर मोकळीक वाढली आहे, तरी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीच्या 120 श्रेयांकांपैकी (क्रेडिट्सपैकी) किमान 60 मुख्य विषयाचेच आहेत. त्यामुळे मुलाचा प्रश्न पक्का असेल, तर त्याला सर्वांत जवळचा विषय मुख्य म्हणून घ्यावा, माझ्या बाबतीत तो भूगोल ठरला असता, आणि उरलेले श्रेयांक सोपे पेपर शोधण्यात न घालवता त्याच प्रश्नाला जुंपावेत. परदेशीच जायचे असेल, तर आधी इथल्या नोकरीच्या जाहिराती वाचाव्यात: जिथे ‘संबंधित विषयातील पदवी’ मागतात, तिथे माझ्यासारख्या पदवीचा अर्ज पहिल्याच चाळणीत अडकू शकतो.