सालीवर नवीन यीस्ट मिळालं, पण सर्टिफिकेटने सहा महिने खाल्ले

आंबोलीच्या जंगलातल्या जांभळाच्या झाडाच्या सालीवर आम्हाला मिळालेलं यीस्ट या वर्षी नवीन प्रजाती म्हणून छापून आलं. लोक विचारतात जंगलात शोधायचं किती अवघड असेल ना, पण खरं सांगते, तो भाग सोपाच होता. साल खरवडायची, ७-८ टक्के अल्कोहोल घातलेल्या साखरेच्या ब्रॉथमध्ये (यीस्टच्या पातळ खाद्यात) टाकायची, दोन आठवडे थांबायचं, मग प्लेटवर पसरायचं. क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक मात्र विसरू नका, नाहीतर नुसते बॅक्टेरिया वाढतात.

मग डीएनएच्या डी१/डी२ नावाच्या भागाचं सिक्वेन्सिंग, म्हणजे त्यातली अक्षरं वाचणं. १९९८ पासून साधारण असं धरतात की त्या ६०० एक अक्षरांत १ टक्क्यापेक्षा जास्त फरक असेल तर बहुधा प्रजाती वेगळी. आमच्या यीस्टचा सगळ्यात जवळच्या नातेवाईकापासून १९ अक्षरांचा फरक आला आणि त्या रात्री मला झोपच लागली नाही.

खरा त्रास पुढे. नुसतं नाव ठेवून चालत नाही, मूळ स्ट्रेन (त्या नमुन्यातून वाढवलेला यीस्टचा वाण) कल्चर कलेक्शनमध्ये, म्हणजे जिवंत सूक्ष्मजीव जपून ठेवणाऱ्या संस्थेत, जमा करावा लागतो. आमच्या जर्नलला दोन वेगवेगळ्या देशांतल्या कलेक्शनची सर्टिफिकेटं हवी होती. परदेशी पाठवायची परवानगी सरांनी आधीच काढून ठेवलेली, तिकडचं सर्टिफिकेट महिन्याभरात आलं. अडकलं ते आपल्याकडच्या एका कलेक्शनमध्ये. आधी फॉर्म परत आला, कारण झाडाचे अक्षांश-रेखांश नव्हते (साल काढतानाच मोबाईलवर नोंदवून ठेवा, नंतर ते झाड सापडत नाही). मग स्लांट (यीस्ट वाढवलेली नळी) परत, शेरा "कल्चर शुद्ध नाही". मी तीनदा स्ट्रीक केलं, म्हणजे प्लेटवर रेघा ओढून कॉलनी (यीस्टचे ठिपके) सुट्या केल्या, काही गुळगुळीत आणि काही सुरकुतलेल्या दिसल्या, दोन्हींचं सिक्वेन्सिंग केलं, दोन्ही एकच निघाल्या, म्हणजे ते यीस्ट जुनं झालं की सुरकुततं एवढंच. हे फोटोसकट लिहून पाठवलं. मग चार महिने काहीच नाही. फोन केला की मॅडम रजेवर, नाहीतर फाईल सहीला गेलीय.

या काळात मी रोज सकाळी चहाच्या आधी आमचा सिक्वेन्स डेटाबेसमध्ये टाकून बघायचे की थायलंड नाहीतर चीनमधल्या कुणी तीच प्रजाती आधी जाहीर तर नाही केली. पहिलं नाव ज्याचं छापून येईल त्याचंच टिकतं. पोटात गोळा यायचा अक्षरशः.

शेवटी सर्टिफिकेट आलं, लगेच जर्नलला पाठवलं, आणि आठवड्यात परत! का, तर टाइप म्हणून (प्रजातीचा अधिकृत मूळ नमुना म्हणून) ठेवलेलं कल्चर निष्क्रिय अवस्थेत, म्हणजे फ्रीज-ड्राय केलेलं किंवा डीप फ्रीझरमध्ये गोठवलेलं आहे, हे स्पष्ट लिहिलेलं हवं, नाहीतर नाव नियमाने वैधच होत नाही. त्यांनी नुसतं "जमा केले" लिहिलेलं. स्ट्रेन फ्रीज-ड्राय करूनच ठेवलेला होता, फक्त ती ओळ नव्हती. त्या एका ओळीला अजून सहा आठवडे. मला अजूनही राग येतो. म्हणून सांगते, ती ओळ तुम्हीच टाईप करून अर्जासोबत द्या, सर्टिफिकेटमध्ये हीच ओळ घाला असं लेखी मागा, आणि मायकोबँकचा (बुरशी-यीस्टच्या नावांची नोंद ठेवणारा डेटाबेस) नंबर त्या वेळात काढून ठेवा, असा नोंदणी नंबर लागतोच.

आई मधे विचारायची, एवढी धडपड कशासाठी. मी तिला दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाची गोष्ट सांगितली. लागर बिअरच्या यीस्टच्या दोन पूर्वजांपैकी हरवलेला एक २०११ मध्ये तिथल्या बीच नावाच्या झाडांच्या जंगलात, झाडांवरच्या गाठींमध्ये सापडला. जगभर पितात ती बिअर आणि तिचा पूर्वज झाडावर बसलेला, कुणी बघितलंच नव्हतं. सुधारित सर्टिफिकेट आलं तेव्हा मी ती ओळ तिला फोनवर वाचून दाखवली, तिला त्यातलं काही कळलं नाही पण ती रडली.

अजून एक, हे आधी सांगायला हवं होतं. एकाच झाडावरचा एकच स्ट्रेन घेऊन बसू नका. रिव्ह्यूअरने दुसरा मागितला म्हणून मला भर पावसात परत आंबोलीला जावं लागलं, जळवा वेगळ्याच. तिसऱ्या जांभळावर मिळाला.